रेजिनाची उभी कोर

सहावीच्या वर्गाला सूर्यमाला शिकवायची आहे असं कळलं तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. नागपूरच्या शाळेत मी पंधराएक वर्षं विज्ञान शिकवलं होतं. ग्रह, उपग्रह, चंद्राच्या कला हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं. कॅनडात, रेजिनात आल्यापासून असं एकही काम माझ्या वाट्याला आलं नव्हतं, ज्यात कोणाला न विचारता हात घालावा. कचऱ्याच्या कुठल्या डब्यात काय टाकायचं इथपासून मी विचारत आले होते.

ही २०१६च्या आसपासची गोष्ट. त्याच्या काही वर्षं आधी आम्ही ह्यांच्या नोकरीमुळे इथे आलो आणि मी इथलं शिक्षकाचं लायसन्स मिळवण्याच्या मागे लागले. विद्यापीठाच्या गुणपत्रिकांचे सीलबंद लिफाफे, इंग्रजीची परीक्षा, आपण जे वर्षानुवर्षं शिकवलं त्याचेच कोर्स पुन्हा शिकणं, सगळं केलं. लायसन्स हातात पडलं आणि त्याच उन्हाळ्यात ह्यांच्या कंपनीने रेजिनाचं ऑफिस बंद करून त्यांना व्हँकुव्हरला बोलावलं. दुष्काळात तेरावा महिना. माझं लायसन्स सस्कॅचेवानपुरतं. व्हँकुव्हर दुसऱ्या प्रांतात, तिथे सगळं पहिल्यापासून. आणि नेमकी तेव्हाच एका शाळेत सहावीची शिक्षिका बाळंतपणाच्या रजेवर निघाली होती. मला सप्टेंबर ते नाताळ अशी जागा मिळाली. पुढे जूनपर्यंत मला ठेवायचं की नाही, ते मुख्याध्यापिका माझा वर्ग बघून ठरवणार होत्या. ठेवलं तर मी शिक्षिका राहणार. नाही ठेवलं तर सामान बांधून व्हँकुव्हर, आणि शिकवणं बहुधा कायमचं बंद. पुन्हा लिफाफे गोळा करण्याइतकी उमेद माझ्यात उरली नव्हती.

हे म्हणाले, "तू बघ. तुझ्या मनासारखं कर." ह्या माणसाने आयुष्यात एकदा तरी "ते राहू दे, तू ये" म्हणावं, असं मला फार वाटत होतं.  ते व्हँकुव्हरला एका सहकाऱ्याच्या बेसमेंटमध्ये राहायला गेले, आणि मी आमच्या अपार्टमेंटमध्ये एकटी उरले.

शाळेत माणसं खूप होती, पण बोलायला कोणी नव्हतं. सकाळी कॉरिडॉरमध्ये प्रत्येक जण "हाऊ आर यू?" विचारायचा आणि उत्तर यायच्या आत पुढे निघून जायचा. सुरुवातीला मी खरंच सांगायला थांबायचे. दोनतीनदा पाठमोऱ्या माणसाला "ठीक आहे, जरा सर्दी आहे" असं सांगून झाल्यावर सोडून दिलं. स्टाफरूममध्ये बर्फावरच्या हॉकीचे आणि कर्लिंगचे सामने, कोणाच्या तळ्याकाठच्या केबिनवर कोण गेलं, कोणी विंटर टायर लावले, ह्याच गप्पा. कोणी वाईट वागायचं नाही, हे मला मुद्दाम सांगायला हवं. खुर्ची सरकवून जागा द्यायचे, माझा डबा बघून "स्मेल्स ग्रेट" म्हणायचे. मग परत हॉकी. भांडायला तरी कोणी असावं, असं मला वाटायला लागलं होतं.

म्हणून वर्गावर मी तुटून पडले.

पहिल्या दिवशी विषय घेतला, ग्रह गोल का असतात. माझा बेत कणकेचा होता. पण शाळेत गव्हाची कणीक आणायची तर कोणाकोणाच्या अ‍ॅलर्जीची चौकशी करावी लागते, आणि तेवढी पत्रापत्री करण्यापेक्षा मी डॉलर स्टोअरमधून क्लेचे डबे आणले. प्रत्येकाला एक गोळा दिला आणि म्हटलं, ग्रह करा. एकालाही येईना. मुलं टेबलावर क्ले लाटत बसली. कोणाची वळकटी झाली, कोणाची चकती. ह्या मुलांच्या घरी कोणी लाडू वळत नाही, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मग मी दोन्ही तळव्यांची ओंजळ करून, हलकं दाबत, फिरवत कसं वळायचं ते दाखवलं. सगळ्या बाजूंनी सारखं दाबलं की गोल होतो. ग्रहाला हात नसतात, त्याचं स्वतःचं वजनच त्याला सगळ्या बाजूंनी आत ओढतं. मोठा असेल तर गोल होतो. लहान असेल तर तेवढा जोर नसतो, तो जसा तुटला तसाच वेडावाकडा राहतो. लघुग्रह म्हणून मी इंडियन ग्रोसरीतून आल्याचा तुकडा आणि अळकुड्या नेल्या होत्या. केसाळ अळकुडीला हात लावायला अर्धा वर्ग तयार होईना. बाकीच्या अर्ध्याने ती एकमेकांवर फेकली. मला फार बरं वाटलं. मुलं कुठलीही असोत, फेकण्याच्या बाबतीत सारखीच.

दुसऱ्या दिवशी कागदाच्या पट्ट्यांची गोल कडी करून पेन्सिलीवर गरगर फिरवली. फिरताना कडं वरून दबतं आणि मधून फुगतं. म्हणून गुरू आणि शनी पुरते गोल नाहीत, पोटाशी सुटलेले आहेत. "माझ्या डॅडसारखे," एक मुलगा म्हणाला आणि वर्ग हसला. मीही हसले. घरी जाऊन हे कोणाला सांगावं म्हणून फोन उचलला, तर हे मीटिंगमध्ये होते.

मग आला चंद्र.

खिडक्यांचे पडदे ओढले, मध्ये टेबलावर शेड काढलेला दिवा ठेवला. दिवा म्हणजे सूर्य. प्रत्येकाच्या हातात पेन्सिलीला खोचलेला थर्मोकोलचा गोळा, तो चंद्र. आणि ज्याचं त्याचं डोकं म्हणजे पृथ्वी. हात लांब धरून हळूहळू स्वतःभोवती फिरायचं आणि गोळ्याचा उजळलेला भाग कसा वाढतो ते बघायचं. मी फिरून एकेकाच्या खांद्यामागून बघत होते आणि माझ्या कपाळाला आठी पडली. कोर दिसत होती, पण उभी. इंग्रजी डी अक्षराच्या पोटासारखी. आपली कोर कशी, आडवी, बशीसारखी, दोन्ही टोकं वर. चंद्रकोरीची टिकली लावतो तशी. लहानपणापासून तशीच पाहिली, तशीच फळ्यावर काढली, आणि भिंतीवर लावायला म्हणून आदल्या रात्री काळ्या कार्डबोर्डमधून तशीच कापून आणली होती.

नाचता येईना अंगण वाकडं, तशी मी दिव्याला दोष दिला. दिवा फार उंच झाला, म्हटलं, आणि उचलून खाली जमिनीवर ठेवला. आता गोळे खालून उजळले आणि सगळ्यांच्या कोरी आडव्या झाल्या. "हं, आता बरोबर," मी म्हणाले.

पुढच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, "पण मिस, सूर्य जमिनीवर कसा असेल?"

"मावळलाय ना तो. म्हणजे खालीच गेला की."

तिने मान हलवली, पण पटल्याची नव्हे. ही मुलगी शहराबाहेरच्या शेतावरून पिवळ्या बसने यायची. बोलणं कमी आणि बघणं जास्त, अशी होती. माझ्यासारखीला असली विद्यार्थिनी आवडायला हवी. पण तेव्हा मला तिचा जरा रागच यायचा.

त्या आठवड्याच्या शेवटी अमावास्या होऊन गेली होती. मी मुलांना घरचा अभ्यास दिला, की शनिवारी-रविवारी संध्याकाळी बाहेर जाऊन चंद्र बघा आणि दिसेल तसा काढून आणा. सोमवारी मी जेवणाच्या सुट्टीत चित्रं तपासायला घेतली. काहींनी बाहेर न जाताच भिंतीवरची माझी आडवी कोर उतरवून आणली होती, हे उघड होतं. त्यांना मी बरोबरची खूण केली. आणि जी खरोखर बाहेर गेली असावीत, त्यांनी उभी कोर काढली होती. त्यांच्या चित्रांवर मी लाल पेनाने फुली मारली आणि खाली लिहिलं, "पुन्हा नीट बघा." इथे मुलांच्या वहीत लाल पेन वापरत नाहीत, हेही मला नंतर कळलं.

दुपारच्या तासाला मुख्याध्यापिका माझा वर्ग बघायला आल्या. मागे लहान खुर्चीवर गुडघे दुमडून बसल्या, मांडीवर लॅपटॉप.  मी चित्रं परत वाटली आणि कोर आडवी का असते हे झोकात समजावायला लागले. पुढच्या बाकावरच्या त्या मुलीने हात वर केला.

"मिस, मी दोन्ही दिवस बाहेर उभी होते. माझ्या डॅडनेही पाहिला. तो असाच होता."

"कधीकधी घाईत आपल्याला वाटतं तसं दिसतं," मी म्हणाले.

तिचा आवाज अजिबात चढला नाही. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. तिने विचारलं, "तुम्ही पाहिलात का?"

 मागे लॅपटॉपची टकटक थांबली. मी तोंड उघडलं आणि माझ्या लक्षात आलं, की नाही पाहिला. ह्या शनिवारी नाही, गेल्या शनिवारी नाही. रेजिनात आल्यापासून चंद्राकडे मान वर करून बघितल्याचं मला एकदाही आठवेना. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. "आज बघते," एवढंच मी म्हणू शकले. तास संपला तेव्हा मुख्याध्यापिका लॅपटॉप मिटून उठल्या आणि म्हणाल्या, "उद्या पुन्हा येते. तेव्हा ठरवू." त्या हसल्या, पण इथे सगळेच हसतात, त्यावरून काही कळत नाही.

संध्याकाळी मी गाडी काढली. आमच्या अपार्टमेंटच्या पार्किंगमधून आकाशाचा एक तुकडा दिसायचा, त्यात काही नव्हतं. मग शहर संपेपर्यंत नैर्ऋत्येला गेले. रेजिना संपतं म्हणजे सपाट संपतं. शेवटचा पेट्रोलपंप, शेवटचं गोदाम, आणि मग कापणी झालेली शेतं थेट क्षितिजापर्यंत. रस्त्याच्या कडेला गाडी लावून उतरले. वारा बोचरा होता. आणि समोर, शेताच्या अगदी जवळ, चंद्र होता. पंचमी-षष्ठीची भरदार कोर. उभी. उजवी बाजू उजळलेली, टोकं डावीकडे. त्या मुलीने काढली होती अगदी तशी.

मी बराच वेळ तिथे उभी राहिले. विज्ञान मला तिथल्या तिथे कळलं, तेवढी शिक्षिका मी आहे. नागपुरात सूर्य विहिरीत पोहरा सोडावा तसा बऱ्यापैकी सरळ खाली जातो, आणि मागे राहिलेल्या कोरीला उजेड खालून मिळतो. होळीच्या सुमाराला तर ती अगदी बशी होते. इथे इतक्या उत्तरेला सूर्य तिरका, क्षितिजाच्या कडेकडेने घसरत जातो, आणि ह्या दिवसांत तर फारच. मग उजेड खालून कुठला मिळणार, बाजूनेच मिळतो. टेबलावरचा दिवा बरोबर होता. मी तो उचलून नागपुरात नेऊन ठेवला होता.

पण मला रडू आलं ते विज्ञानामुळे नव्हे. इतकी वर्षं मी उंटावरून शेळ्या हाकत होते. इथे माणूस हिवाळ्यात बर्फावरून घसरू नये म्हणून खाली बघत चालतो, घरातून गाडीत आणि गाडीतून घरात जातो, हे खरंच. पण मी चतुर्थ्या करायचे! स्वयंपाकघरात गावाहून आणलेलं कॅलेंडर टांगलेलं होतं, त्यात चंद्रोदयाची वेळ छापलेली असायची, आणि ते घड्याळ बघून मी उपास सोडायचे. ती वेळ तिकडची. इथे त्या क्षणी चंद्र उगवलाय की नाही, हे मी खिडकीपर्यंत जाऊनसुद्धा पाहिलं नव्हतं. मला वाटायचं, बाकी सगळं परकं असलं तरी तेवढा एक वर आहे, आपला, ओळखीचा, त्याला काय बघायचं. आणि तो इथे वेगळाच उभा होता, बाकीच्यांच्या बाजूचा झालेला. मला इतकं एकटं पूर्वी कधीच वाटलं नव्हतं. विमानतळावरून हे व्हँकुव्हरला गेले तेव्हाही नाही.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापिका येऊन बसल्या. मी रात्रभर ठरवलेलं भाषण विसरले आणि सरळ म्हणाले, "मी काल पाहिला. तुमचं बरोबर होतं, माझं चुकलं." मग ज्यांच्या ज्यांच्या चित्रांवर फुली होती ती परत मागून घेतली आणि एकेकाजवळ जाऊन, त्याच लाल पेनाने, फुलीच्या बाजूला बरोबरची खूण केली. त्या मुलीने आपलं चित्र हातात घेऊन विचारलं, "मग तुमची कोर कुठून आली?"

म्हटलं, चला दाखवते. स्टोअररूममधून दुसरा दिवा आणला. एक टेबलावर ठेवला, एक जमिनीवर. टेबलावरचा म्हणजे रेजिनाचा सूर्य, मावळताना बाजूला घसरणारा. जमिनीवरचा म्हणजे नागपूरचा, खाली जाणारा. निम्मी मुलं ह्या दिव्याभोवती, निम्मी त्या. गोळा तोच, हात तसाच धरायचा. मग बाजू बदलायच्या. "आता मी इंडियात!" असं ओरडत मुलं इकडून तिकडे पळायला लागली. एकाने मध्येच कंबरेतून वाकून मान आडवी केली आणि जाहीर केलं की असं उभं राहिलं तर रेजिनाची कोरसुद्धा बशी दिसते. लगेच अख्खा वर्ग माना वाकड्या करून गोळ्यांकडे बघायला लागला. मी त्यांना सांगितलं, की चंद्र दोन्हीकडे गोलच आहे, तोच आहे. आपण पृथ्वीच्या गोळ्यावर कुठे उभे आहोत, त्यावर तो कसा कललेला दिसेल ते ठरतं. हे सांगताना माझा आवाज जरा कापला. मुलांच्या ते लक्षात आलं नाही, ती माना वाकड्या करण्यात दंग होती. मागे बघितलं तर मुख्याध्यापिकाही खुर्चीवरून एका बाजूला झुकल्या होत्या.

शाळा सुटल्यावर त्यांनी मला कॉरिडॉरमध्ये गाठलं. वर्ग आवडला, म्हणाल्या. जूनपर्यंत थांबाल ना? मी मान हलवली. मग त्या मोकळेपणाने हसून म्हणाल्या, "खरं सांगायचं तर जानेवारीपासून यायला दुसऱ्या कोणी अर्जही केला नव्हता." म्हणजे मी रात्रभर उगीच तळमळले! पण मला वाईट वाटलं नाही. मला मिळालं होतं. ह्या देशात पहिल्यांदा मी मागितलेली एक गोष्ट मला मिळाली होती, आणि मला ती धावत जाऊन कोणालातरी सांगायची होती. स्टाफरूममध्ये डोकावले. तिथे दोघंजण कोट चढवत होते. "हाऊ आर यू?" म्हणाले आणि निघून गेले.

गाडीत बसून इंजिन गरम होईपर्यंत ह्यांना फोन लावला. मागून कुठल्यातरी रिकाम्या खोलीत बोलल्यासारखा आवाज घुमत होता.

"बोल. मी जरा अपार्टमेंट बघायला आलोय," हे म्हणाले. "ह्या बिल्डिंगमध्ये दोन युनिट आहेत. एक वन-बेडरूम आहे, किचन मोठं आहे, तुला आवडेल असं. दुसरा नुसता स्टुडिओ, एकाच खोलीचा. मॅनेजर थांबलाय. तुझं काय ते कळलं असतं तर बरं झालं असतं, आजच लीज साइन करायचंय."

ते माझ्यासाठी किचन बघत होते. इतके दिवस मला एक शब्द न बोलता. 

"अहो," मी म्हणाले, "त्यांनी एक्स्टेंड केलं. जूनपर्यंत."



"अरे वा," हे म्हणाले. "अभिनंदन. छान झालं गं. तुझ्या मनासारखं झालं."

मी वाट बघत होते. आणखी काहीतरी म्हणतील, निदान रागावतील. मी पण म्हणू शकले असते की थांबा, साइन करू नका, मी अजून कागदावर सही केलेली नाही.  पण मला ती मुलं हवी होती, आणि मला हेही हवे होते, आणि दोन्ही मिळून एका वाक्यात कसं सांगायचं ते मला येत नव्हतं.

"एक मिनिट हं," हे म्हणाले. फोन त्यांनी कानापासून बाजूला केला असावा, पण बंद केला नव्हता. मॅनेजरशी ते त्यांच्या ऑफिसच्या, नम्र इंग्रजीत बोलले, ते मला स्वच्छ ऐकू आलं.

"द स्टुडिओ, प्लीज. इट्स जस्ट मी."